कृत्रिम पाय घालून डोंगर आणि समुद्र: पहिल्या साहसी सहलीची तयारी

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. हा लेख अशाच माणसांसाठी आहे, ज्यांचं कृत्रिम पायावरचं रोजचं चालणं सुरळीत झालंय आणि आता गड, समुद्र, नदी खुणावू लागलीय. गुडघ्यावरून पाय गेलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, पण त्यांनी अंतर आणि वेळ वेगळी धरावी. गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाला तेवढंच चालायला साधारण चतुर्थांश जास्त शक्ती लागते. गुडघ्यावरच्याला निम्म्याहून जास्त.

हे सगळं जमतं का, हा प्रश्न आता उरलेला नाही. अरुणिमा सिन्हा कृत्रिम पायाने २०१३ साली एव्हरेस्टवर पोचल्या. कृत्रिम पाय असलेल्या मेजर डी. पी. सिंग यांनी २०१९ मध्ये नाशिकला एकट्याने पॅराशूट घेऊन उडी मारली. पण त्या बातम्या वाचून लायनरमध्ये (पायाच्या उरलेल्या भागावर चढवायच्या सिलिकॉनच्या मऊ मोज्यात) घाम साचल्यावर काय करायचं, गडाखालच्या वाडीत संडासला कसं बसायचं आणि विमानतळावर पाय काढायला सांगितला तर काय म्हणायचं, हे कळत नाही. मी लिहितेय ते त्याबद्दल.

पुढचं सगळं एका गोष्टीभोवती फिरतं: चढाला दम लागतो, उताराला कातडी लागते. दम थांबून परत मिळतो. स्टंपवरची, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागावरची, सोललेली कातडी त्या दिवशी परत मिळत नाही. म्हणून सहल ठरवताना आधी परतीची वाट बघायची.

१. पहिला फोन प्रोस्थेटिस्टला, निदान महिनाभर आधी

प्रोस्थेटिस्ट म्हणजे कृत्रिम पाय बनवून बसवणारा तज्ज्ञ. महिना अशासाठी, की सॉकेट (स्टंप ज्यात बसतो तो कडक साचा) कुठे टोचत असेल तर ते घासून, तापवून सुधारायला दोन-तीन खेपा होतात. नवा सॉकेट घेऊन थेट डोंगरात जाऊ नका. रोजच्या वापरात तो अंगवळणी पडेपर्यंत थांबा. स्टंपवर जखम, फोड किंवा जुना चट्टा ओलसर असेल तर सहल पुढे ढकला.

जाताना ट्रेकचे बूट सोबत न्या. हे बहुतेक जण विसरतात. कृत्रिम पायाची अलाइनमेंट, म्हणजे सॉकेट आणि पाऊल यांची आपसातली जुळणी, बुटाच्या टाचेच्या उंचीवर बसवलेली असते. ऑफिसच्या सपाट चपलेवर बसवलेला पाय जाड टाचेच्या ट्रेकिंग बुटात घातला, की तो तुम्हाला पुढे ढकलतो आणि गुडघा सारखा वाकायला बघतो. उलट, बुटावर बसवलेल्या पायाने अनवाणी उभं राहिलात, की मागे रेलल्यासारखं होतं. आपल्याकडे अनवाणी चालणं टळत नाही. कळसूबाईच्या माथ्यावर देऊळ आहे, सप्तशृंगीला जाल तिथे चपला काढाल. टाचेखाली बसेल असा रबराचा पाचर प्रोस्थेटिस्टकडून कापून घ्या आणि देवळापाशी तो मोज्यात सरकवा.

कोणता पाय बरा, यावर लोक तासन् तास भांडतात. माझं मत सांगते. कार्बन फूट (कार्बन फायबरचं पाऊल) चढावर आणि सपाटीवर छान उसळी देतं, पण घोट्यात फारसं वाकत नाही, उकिडवं बसू देत नाही आणि आत माती गेली की कुरकुरतं. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलं, तेच मुळी शेतात अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी. ते जड आहे. पण चिखल, पाणी, ओढा, देऊळ, भारतीय पद्धतीचा संडास या सगळ्याला चालतं. महागडा पाय नाही म्हणून सह्याद्री परवडणार नाही, असं मनात असेल तर ते काढून टाका. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून हे पाय विनामूल्य बसवते. पुण्यातलं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासूनचं आहे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

मधुमेहामुळे पाय गेला असेल तर प्रोस्थेटिस्टच्या आधी डॉक्टरकडे जा आणि राहिलेला पाय तपासून घ्या. डोंगरात खरा धोका त्या पायाला असतो. तळवा बधिर असला तर खडा टोचलेलाही कळत नाही.

२. ठिकाण निवडताना परतीची वाट आधी बघा

उतरताना काय होतं ते समजून घ्या. चांगल्या पायाचा घोटा उताराप्रमाणे वाकतो, कृत्रिम पायाचा नाही, किंवा अगदी थोडा. त्यामुळे टाच टेकते, सगळं वजन नडगीच्या उरलेल्या टोकावर सॉकेटच्या पुढच्या भिंतीशी येतं आणि गुडघ्याला झटका बसतो. दर पावलाला हेच. शिवाय पाऊल घसाऱ्यावर पडलंय की पक्क्या कातळावर, हे तळव्याला कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. म्हणजे संपूर्ण उतार मान खाली घालून. त्याचाही थकवा असतोच.

रायगडाचं उदाहरण घ्या. १९९६ पासून तिथे रोपवे आहे. अनेक जण हौसेने ठरवतात: वर रोपवेने जाऊ, खाली पायऱ्यांनी उतरू, उतरणं तर सोपं. आपल्यासाठी हे बरोबर उलटं हवं. सकाळच्या गारव्यात पायऱ्यांनी सावकाश चढा आणि रोपवेने खाली या. शनिवार-रविवारी परतीची रांग मोठी असते आणि वारा किंवा दुरुस्ती यामुळे सेवा थांबूही शकते. म्हणून त्याच दिवशी सकाळी चौकशी करा. रोपवे बंद असेल तर गडावर मुक्काम किंवा दुसरा दिवस, असा पर्याय हाताशी ठेवा.

राजमाचीला दोन वाटा आहेत. कोंडिवड्याकडून अंतर कमी, पण चढ अंगावर येतो आणि परतताना तोच उतार गुडघ्यात उतरतो. लोणावळ्याकडून वाट पंधरा किलोमीटरच्या आसपास, पण बरीचशी गाडीवाटेची. पायाच्या हिशोबात लांबची वाट स्वस्त पडते. उधेवाडीत मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन-मनरंजन यांपैकी एकच बालेकिल्ला करा. कोरड्या दिवसांत उधेवाडीपर्यंत जीप येते, ती परतीसाठी आधीच सांगून ठेवता येते.

हरिश्चंद्रगडाला जायचं तर पाचनईहून. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब आहे आणि मधले कातळटप्पे उतरताना दोन्ही हात अडकतात. नळीच्या वाटेचा विषयच नको. कळसूबाईला, म्हणजे १,६४६ मीटरवर, बारीतून जाताना लोखंडी शिड्या आहेत. शिडीवर कृत्रिम पायाचा चवडा ठेवू नका, पावलाचा मधला भाग दांडीवर बसवा. उतरताना शिडीकडे तोंड करूनच उतरा, मागची गर्दी कितीही घाई करू दे. हरिहरच्या खोदीव पायऱ्या फोटोत सुंदर दिसतात, पण त्या इतक्या उभ्या आणि अरुंद आहेत की पहिल्या वर्षी त्यांचं नाव काढू नये. सांदण दरीत मोठमोठ्या धोंड्यांच्या फटी आहेत, पाऊल फटीत अडकलं तर ते अडकलंय हे कळेपर्यंत अंग पुढे गेलेलं असतं.

मग सुरुवात कुठे? लोहगड, कोरीगड, किंवा गाडीने सिंहगडावर जाऊन माथ्यावर मनसोक्त फिरणं. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळी ट्रेकचा मोह मला कळतो, पण शेवाळलेला कातळ आणि लायनरमध्ये शिरलेलं पाणी यांच्याशी पहिल्याच खेपेला गाठ नको.

वेळेचा हिशोब सोपा ठेवा. उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा, कमी नाही. आणि वाटेत एक परतीची जागा घरीच ठरवा: एखादी खिंड, एखादा टप्पा. तिथे पोचल्यावर पाय काढून बघायचा. कातडी ठीक असेल तर पुढे, नाहीतर तिथूनच मागे. हा निर्णय तिथे बसून घेतला तर माथ्याचा मोह जिंकतो.

३. सराव: पायऱ्या, सॅक आणि काठ्या

पुण्यात असाल तर पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या या कामाला उत्तम. बाकीच्यांनी जवळची टेकडी, नाहीतर इमारतीचा जिना धरावा. सराव ट्रेकच्याच बुटात आणि भरलेल्या सॅकसह करा, कारण पाच-सहा किलो वजन पाठीवर आलं की सॉकेटमधला दाब बदलतो.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. हे फिजिओथेरपीत शिकवलेलं असतं, पण दमल्यावर विसरतं. सवय होईपर्यंत मनात म्हणत चला. तीव्र उतारावर सरळ उतरू नका, आडवे होऊन, कृत्रिम पाय दरीच्या बाजूला ठेवून, एकेक पाऊल. दोन ट्रेकिंग काठ्या हव्यातच. एका काठीने तोल सांभाळतो, पण कंबर एका बाजूला झुकून दुसऱ्या दिवशी पाठ धरते. उतारावर काठ्यांची लांबी थोडी वाढवा.

सरावाच्या दिवशी घरी येऊन लगेच पाय काढा आणि कातडी बघा. दहा-पंधरा मिनिटांत विरणारा लालसरपणा चालतो. त्यानंतरही चट्टा तसाच राहिला, तर ती जागा प्रोस्थेटिस्टला दाखवायची. तिथे पेनने खूण करून फोटो काढून ठेवा, क्लिनिकमध्ये पोचेपर्यंत चट्टा गेलेला असतो.

४. ट्रेक नेणाऱ्यांशी आधी बोला

पैसे भरण्याआधी, फोनवर, स्पष्ट. बसमध्ये बसल्यावर नाही. “माझा एक पाय कृत्रिम आहे, चढायला माझा वेग असा आहे, उतरायला त्याहून कमी” एवढं पुरे. मग विचारा: ग्रुप किती जणांचा? शेवटी चालणारा लीडर कोण आणि तो खरंच शेवटपर्यंत मागे राहतो का? वाट अर्ध्यात सोडावी लागली तर खाली कोण सोबत येईल? गाडी पायथ्याच्या किती जवळ येते? उत्तरात नुसतं “काही टेन्शन नाही, आपण आहोत ना” आलं तर मी दुसरा ग्रुप शोधते.

महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती आहे का विचारा. सही करायच्या फॉर्मवर वैद्यकीय माहितीत कृत्रिम पाय लिहा, लपवू नका. लपवलंत तर अपघाताच्या वेळी विम्याचा मुद्दा तिथेच संपतो.

पहिली सहल मोठ्या ग्रुपसोबत करण्यापेक्षा दोन-तीन मित्र आणि पायथ्याच्या गावातला वाटाड्या बरा, असं माझं मत आहे. वाटाड्याला घाई नसते, त्याला आडवाटेची सोपी बगल माहीत असते आणि त्याला दिलेले पैसे गावात राहतात. मोठ्या ग्रुपमध्ये आणखी एक त्रास: माथ्यावर पोचलात की तुम्ही सगळ्यांची ‘प्रेरणा’ होता आणि अर्धा तास फोटोत जातो. ज्यांना आवडतं त्यांनी काढावेत. मला तेवढ्या वेळात पाय काढून वारा लागू द्यायचा असतो.

५. कागदपत्रं

– यूडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र (मूळ आणि मोबाइलवर). ४० टक्के आणि त्याहून जास्त अपंगत्वाच्या सवलती यावर मिळतात.
– अपंगत्व प्रमाणपत्राची प्रत. काही ठिकाणी अजून कागदच मागतात.
– रेल्वे सवलतीसाठी रेल्वेचं वेगळं दिव्यांग ओळखपत्र. यूडीआयडी असलं की झालं, असं धरून स्टेशनवर जाऊ नका. अर्ज रेल्वेच्या पोर्टलवर होतो, तपासणीला वेळ लागतो.
– प्रोस्थेटिस्टचं पत्र: कोणता पाय, कोणते सुटे भाग, धातू कुठे. परदेशी जाणार असाल तर इंग्रजीत.
– डॉक्टरांचं फिटनेस पत्र. स्कुबा आणि पॅराग्लायडिंगला ते मागतात.
– पायाच्या बिलाची प्रत आणि फोटो, सुट्या भागांच्या नंबरांसह.
– विम्याची पॉलिसी. साधी प्रवास पॉलिसी बहुधा साहसी खेळ वगळते. कृत्रिम पाय हरवला किंवा मोडला तर तो कशात धरतात, हे विमा कंपनीला ई-मेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी “हो हो, कव्हर आहे” याला काही अर्थ नाही.

६. सॅकमध्ये काय

– दुसरा लायनर. हा चैनीचा भाग नाही. एक ओला झाला की दुसरा, नाहीतर दिवस संपला.
– वेगवेगळ्या जाडीचे स्टंप सॉक्स, एक प्लाय (थर) ते पाच प्लाय.
– स्लीव्ह (सॉकेट मांडीला धरून ठेवणारी लवचिक बाही) वापरत असाल तर जादा स्लीव्ह; काट्याकुट्यात, करवंदीच्या जाळीत ती पहिली फाटते.
– ४ मिलिमीटरची एलन की. बहुतेक पायांच्या अलाइनमेंट स्क्रूला हीच बसते. निघण्याआधी स्क्रूवर आणि त्याच्या शेजारच्या भागावर नेलपॉलिशची एक सलग रेघ मारा. स्क्रू सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. पूर्वीच्या रेघेपर्यंत घट्ट करा, बस्स. वाटेत अलाइनमेंट ‘सुधारायला’ जाऊ नका.
– डक्ट टेप, नायलॉनचे टाय, पातळ दोरी.
– छोटा सुती टॉवेल, सौम्य साबण, फोडावर लावायच्या पट्ट्या, निर्जंतुक गॉज.
– श्रिंकर सॉक (स्टंप सुजू नये म्हणून चढवायचा घट्ट मोजा), रात्रीसाठी.
– घडीच्या कुबड्या, नाहीतर निदान एक एल्बो क्रच. गाडीत किंवा मुक्कामावर राहिली तरी चालेल, पण असावी.
– हेडलॅम्प. हात काठ्यांना लागतात.

पँट घ्या ती गुडघ्याजवळ चेन असलेली. वाटेत पाय काढायला कपडे उतरवावे लागत नाहीत, विमानतळावरही सोय होते.

७. पायथ्यापर्यंतचा प्रवास

एसटीच्या साध्या गाडीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेत सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशांना स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के, सेकंड आणि फर्स्ट एसीत ५० टक्के सवलत मिळते, सोबत्यालाही तेवढीच. मालवणला जाताना कुडाळ, राफ्टिंगला कोलाड: दोन्ही कोकण रेल्वेवर. वडापच्या जीपमध्ये मधल्या सीटवर चेंगरून बसू नका. दाराजवळची जागा मागा, कृत्रिम पाय सरळ ठेवता आला पाहिजे. गुडघा दुमडून तीन तास बसलात तर सॉकेटची मागची कड मांडीखाली वळ उठवते.

रात्रीच्या गाडीत पाय काढून झोपणार असाल तर लगेच श्रिंकर चढवा. नुसता काढून ठेवला तर स्टंप सुजतो आणि पहाटे स्टेशन आल्यावर पाय आत जात नाही. खाली उतरायला दोन मिनिटं, आणि तुम्ही बर्थवर बसून सॉकेटशी झटापट करताय, हे टाळा. स्टेशनच्या पाऊण तास आधी उठून पाय घाला. आणि भर उन्हात बंद गाडीत पाय ठेवून जाऊ नका. सॉकेट तापतो आणि लायनर चिकट होतो.

विमानाने जाणार असाल तर किमान ४८ तास आधी एअरलाइनला कळवा. सुरक्षा तपासणीत दाराच्या चौकटीतून जाण्याआधीच “कृत्रिम पाय आहे” असं सांगा, पिऽऽप वाजल्यावर नाही. बहुतेक वेळा स्फोटकांच्या तपासणीचा कपड्याचा बोळा फिरवून काम होतं. पाय काढायलाच सांगितला तर आडोशाची खोली, बसायला खुर्ची आणि सोबत आपलं माणूस मागा. शांतपणे, पण मागा. नर्तिका आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये या वारंवार पाय काढण्याबद्दल व्हिडिओतून थेट पंतप्रधानांना विनंती केली होती आणि विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफने त्यांची माफी मागितली होती. एलन की चेक-इन सामानात टाका. लायनर आणि सॉक्स मात्र हातातल्या बॅगेत. बॅग चुकीच्या विमानात गेली तरी चालता आलं पाहिजे.

८. वाटेवर: दर तासाला एक थांबा

चालायला लागल्यावर स्टंप आकसतो. सकाळी घट्ट बसलेला सॉकेट अकरा वाजता ढिला होतो, स्टंप खाली सरकतो आणि टोक तळाशी आपटायला लागतं. खुणा ओळखा: चालताना ‘पच्च’ असा हवेचा आवाज, पाय आखूड झाल्यासारखा वाटणं, गुडघ्याच्या वाटीखाली दाब. लगेच थांबा आणि एक सॉक वाढवा. “पुढच्या टप्प्यावर बघू” म्हणाल तर पुढच्या टप्प्यावर फोड असतो.

घामाचं दुखणं वेगळं. लायनरमध्ये घाम साचला की कातडी आत घसरते आणि पिन-लॉकचा (लायनरच्या टोकाची पिन सॉकेटच्या कुलपात अडकते तो) पाय खेचल्यासारखा वाटतो. दर तासाला सावलीत बसा, पाय काढा, लायनर उलटून पुसा, स्टंप कोरडा करा, पाच मिनिटं वारा लागू द्या, पुन्हा घाला. सोबतच्यांना हे आधीच सांगून ठेवलं की कुणी घड्याळ बघत नाही. ज्यांना फार घाम येतो ते आदल्या रात्री स्टंपवर घाम कमी करणारा रोल-ऑन लावतात. सकाळी धुवून टाकायचा, आणि तुटलेल्या कातडीवर कधीच नाही. पावडर जास्त थापू नका, घामात तिचा लगदा होतो.

पिन-लॉक असेल तर ‘कट्-कट्’ मोजायची सवय लावा. घरी किती आवाज येतात ते माहीत असलं, की कमी आले तर पिन पूर्ण बसली नाही हे कळतं. कुलपात वाळू किंवा माती गेली तर फुंकर मारून, पाण्याने धुवून काढा. तेल घालू नका, त्याला आणखी माती चिकटते.

मोबाइलमध्ये १०८ आणि ११२ सोबत महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर साठवा. गडावर रेंज कुठल्या टोकाला येते, हे वाटाड्याला माहीत असतं.

९. पाणी: तारकर्ली, मालवण, कोलाड

किनाऱ्यावर कोरड्या, भुसभुशीत वाळूतून चालणं हा खरा व्यायाम आहे. पाण्याच्या कडेची ओली, घट्ट वाळू धरा. खारं पाणी धातूचे भाग खातं, म्हणून बाहेर आल्या आल्या गोड्या पाण्याने धुवा, फूट शेलमधली (पावलावरच्या आवरणातली) वाळू काढा. इलेक्ट्रॉनिक गुडघा असेल तर तो पाण्यात चालतो का, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत बघा, विक्रेत्याच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

स्कुबा करताना मी पाय काढूनच पाण्यात उतरायला सांगेन. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीच्या दुप्पट होतो. पायाच्या आतल्या पोकळीत, फोममध्ये अडकलेली हवा एकीकडे तुम्हाला वर ओढते आणि खाली गेल्यावर दबते, तोल बिघडतो. एका पायात फिन घालून पोहता येतं, वजनाचा पट्टा मात्र प्रशिक्षकाकडून नव्याने जुळवून घ्यावा लागतो. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे; मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बरेच जण डाइव्ह करवतात. आदल्या दिवशी जाऊन होडी बघा: शिडी कुठे आहे, वर चढताना हाताला काय लागतं, काढलेला पाय कुठे ठेवणार. पायासाठी कोरडी पिशवी सोबत न्या, आणि तो कुणाच्या ताब्यात राहील ते नाव घेऊन ठरवा. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं.

कोलाडला कुंडलिकेतलं राफ्टिंग भिरा वीजप्रकल्पातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर चालतं, म्हणून वेळ तुमच्या सोयीने बदलत नाही. राफ्टमध्ये पाऊल फुगीर पट्ट्याखाली रोवून बसतात. कृत्रिम पाऊल तिथे रोवू नका. राफ्ट उलटली तर ते सुटलंय की अडकलंय, हे कळणार नाही. चांगल्या पायाच्या बाजूने रोवता येईल अशी जागा गाईडकडे मागा. पाय वाहून जाऊ नये म्हणून पट्टा हवा असेल तर तो तुमच्या मांडीला बांधा, राफ्टला कधीही नाही. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे जुना, टाकाऊ झालेला पाय घालून जाणं.

१०. दोर आणि हवा

रॅपलिंगला कृत्रिम पाऊल कातळावर सपाट टेकलंय का हे बघत, छोटी पावलं टाकत उतरा. झिपलाइन आणि पॅराग्लायडिंगमध्ये पाय लोंबकळतो. नुसत्या स्लीव्हवर विसंबू नका, कंबरेच्या हार्नेसपर्यंत एक पातळ दोरी न्या. खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पाय पडला तर हसण्यावारी जाणार नाही. गुडघ्यावरचा सॉकेट असलेल्यांनी हार्नेसचा मांडीचा पट्टा सॉकेटच्या वरच्या कडेशी भांडतो का, हे जमिनीवर लटकून बघावं. कामशेतला पॅराग्लायडिंगची टँडम (पायलटसोबतची) उडी घेणार असाल तर पायलटला सांगा: उतरताना धावणार नाही, बसून उतरू.

११. मुक्काम

वाडीत जेवायला पाट मांडला जातो. मांडी घालणं जमत नसेल तर ओट्यावर बसतो म्हणून सरळ सांगा, नाहीतर पाय काढून भिंतीला टेकवा आणि बसा. यजमानांना दोन मिनिटं नवल वाटतं, मग ते पिठल्यात तिखट चालेल का विचारतात. मुलं मात्र पाय हातात घेऊन बघतील. बघू द्या, पिन तेवढी जपा.

संडास बहुतेक ठिकाणी भारतीय पद्धतीचा. घडीचं कमोड स्टूल मिळतं, दोन दिवसांच्या मुक्कामाला ते उचलून नेण्यासारखं आहे. रात्री कृत्रिम पाय न घालता बाहेर जावं लागलं तर कुबडी आणि हेडलॅम्प हाताशीच ठेवा, अंधारात शोधायची वेळ येऊ नये.

लायनर रोज रात्री साबणाने धुवा, नीट खळबळा आणि सुलट करून पाण्याच्या बाटलीवर चढवून सुकवा. रात्रभर उलटा ठेवू नका, ताणला जातो. पाय तंबूच्या आत घ्या. गडावरची कुत्री बूट पळवतात, आणि आपला बूट एकटा जात नाही. हिमालयात किंवा कुठल्याही बर्फाळ जागी लायनर स्लीपिंग बॅगेत कुशीशी घेऊन झोपा, सकाळी बर्फासारखा गार सिलिकॉन कातडीवर चढवणं भयंकर असतं.

१२. परत आल्यावर

दुसरा दिवस शक्यतो मोकळा ठेवा आणि पाय कमीत कमी घाला. आरशात स्टंपची मागची बाजू बघा, तिथले फोड हाताला लागत नाहीत. फोड फोडू नका. लाली पसरली, गरम लागलं, ताप आला तर डॉक्टरकडे त्याच दिवशी. पाय धुवा, फूट शेल काढून आतली माती झटका, स्क्रूवरची नेलपॉलिशची रेघ तपासा. कुठे टोचलं, कितव्या तासाला सॉक वाढवला, कुठल्या उतारावर गुडघा बोलला, हे त्याच रात्री मोबाइलवर लिहा. सॉकेट कुठे घासायचा, हे त्या टिपणावरून प्रोस्थेटिस्टला लगेच कळतं, आणि त्याची वेळ निघण्याआधीच घेऊन ठेवली असेल तर उत्तम.